कार्ड संपतं कसं आणि टेडी निघत का नाही? गेम झोनबद्दल तुमचे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की या सदराकडे येणारी पत्रं एकदम बदलतात. वर्षभर भाडेकरार, सोसायटी मेंटेनन्स, पीएफ असलं काय काय विचारणारी मंडळी अचानक पोरांना कुठे न्यायचं ते विचारायला लागतात. यावेळी बरीचशी पत्रं गेम झोनची होती, म्हणून म्हटलं एकदाच सगळं घेऊन टाकू. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : दादा, आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याच्या वर्गातले सगळे मॉलमधल्या गेम झोनला जाऊन आलेत आणि आता आमच्या मागे भुणभुण चालू आहे. आम्ही दोघंही कधी आत गेलेलो नाही, बाहेरून फक्त लाईट आणि धिंगाणा दिसतो. आत नक्की काय असतं, किती पैसे न्यायचे, आणि ते कार्डाचं काय प्रकरण आहे? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : ताई, कार्डापासूनच सुरू करतो कारण सगळी मेख तिथेच आहे. आत शिरलं की काउंटर असतो, तिथे पैसे भरले की एक कार्ड नाहीतर मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो, त्यात क्रेडिट भरलेले असतात. प्रत्येक मशीनला एक छोटा रीडर असतो, त्याला कार्ड टेकवलं की तेवढे क्रेडिट वजा आणि गेम चालू. टोकन आणि नाणी मॉलमधून जवळपास गेलीच. हे सोयीचं आहे हो, पण पैसे गेल्याचं कळतच नाही, शंभरची नोट मोडताना माणूस दोनदा विचार करतो आणि कार्ड टेकवताना पोरगं एकदाही करत नाही. त्यात मशीनवर भाव लिहिलेला असतो क्रेडिटमध्ये, रुपयात नाही, आणि एक क्रेडिट म्हणजे एक रुपया असंही सगळीकडे नसतं. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारायचा की एक क्रेडिट कितीला पडतं.

दुसरं म्हणजे तिथला मुलगा लगेच ऑफर सांगायला लागेल, एवढे भरा तर एवढे बोनस. ऑफर वाईट नसते, पण बोनस क्रेडिट बऱ्याच ठिकाणी सगळ्या गेमला चालत नाहीत, व्हीआर (डोळ्यांवर चष्मा लावून खेळायचे गेम), बंपर कार, बोलिंग, बक्षिसाच्या मशीन हे वगळलेलं असतं, आणि मग घरी जाताना कार्डात बोनस पडून राहतो आणि पोरगं रडत असतं. तेव्हा बोनस कशाला चालतो, क्रेडिट कधी एक्स्पायर होतात, कार्डाचे वेगळे पैसे आहेत का, आणि उरलेले पैसे परत मिळतात का, हे सगळं भरायच्या आधी विचारून घ्या (परत बहुतेक मिळत नाहीत).

आता पैशाचं. शहर, मॉल आणि वार यावर भाव बदलतो, पण मोठ्या मॉलमध्ये एक गेम साधारण ५० ते २०० रुपयांच्या मध्ये कुठेतरी बसतो, व्हीआर आणि मोठ्या राईड त्याच्या वर. आणि गेम किती वेळ चालतो तर रेसिंग दोन-तीन मिनिटं, बास्केटबॉल मिनिटभर, तिकीटवाल्या काही मशीन तर कार्ड टेकवून कौतुकानं मागे वळून बघेपर्यंत संपलेल्या असतात. म्हणजे हजार रुपये हे एका मुलाचे तासाभराचे पैसे धरा, त्यातही तुम्ही हात आवरलात तर. काही ठिकाणी तासाचं पॅकेज असतं, त्या वेळात हवे तेवढे गेम. मंगळवारी-बुधवारी सकाळी हे पॅकेज म्हणजे चंगळ, पण रविवारी संध्याकाळी घेतलंत तर तासातला अर्धा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो आणि घड्याळ काय तुमच्यासाठी थांबत नाही.

आत गेल्यावर लगेच कार्ड पोराच्या हातात देऊ नका. आधी एक पूर्ण चक्कर मारा, नुसतं बघायचं, आणि त्यालाच सांगा की तुझे पाच-सहा गेम निवड. गाड्यांच्या रेसिंग मशीन असतात स्टेअरिंग आणि पेडलवाल्या, बंदुकीचे शूटिंग गेम, एअर हॉकी, बास्केटबॉल, हातोड्यानं टाळकी ठोकायचा गेम, नाचायची मशीन, लहानांसाठी डुलणारे घोडे आणि जाळीच्या आतला सॉफ्ट प्ले (तिथे मोजे लागतात, घरून न्या, नाहीतर तिथलेच विकत घ्यावे लागतात). धाकटं भावंड सोबत असेल तर एक फुकटची गंमत सांगतो, रिकाम्या रेसिंग मशीनवर जाहिरातीचा डेमो चालू असतो, तीन-चार वर्षांचं पोर त्या सीटवर बसून स्टेअरिंग गरागरा फिरवतं आणि त्याला शंभर टक्के वाटतं की गाडी आपणच चालवतोय. रांग नसेल तर बसू द्या, कुणी काही म्हणत नाही.

आणि तिकिटांचं आधीच समजावून न्या. काही मशीन खेळल्यावर तिकिटं देतात, आता कागदी कमी आणि कार्डावरच पॉईंट जमा होणारी जास्त. शेवटी एका काचेच्या काउंटरवर ते पॉईंट देऊन वस्तू घ्यायची. सायकल, ड्रोन, मोठा टेडी हे वरच्या फळीवर दिसायला असतं, तुमच्या मुलाच्या पॉईंटमध्ये येणार खोडरबर, कीचेन, एखादी उडी मारणारी रबरी बेडकी. त्या बेडकीला तुम्ही किती रुपये मोजले हा हिशोब घरी येऊन करू नका. माझं सरळ मत सांगायचं तर तिकीट मशीनवर पैसे घालवण्यापेक्षा रेसिंग, एअर हॉकी, बास्केटबॉल खेळा. तिकडे निदान खेळायला मिळतं, आणि दुसऱ्यांदा गेलात तर हात सुधारलेला असतो.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी मिळून त्या पंजाच्या मशीनवर टेडी काढायला गेलो, दरवेळी टेडी वर येतो आणि शेवटच्या क्षणी सुटतो. हे चीटिंग आहे ना? स्पष्ट सांगा. (कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : स्पष्टच सांगतो. मशीनच्या आत एक सेटिंग मेनू असतो, त्यात पंजाची पकड किती घट्ट हे मालकाला ठरवता येतं, आणि बऱ्याच मशीनमध्ये किती खेळांनंतर एकदा पूर्ण जोरानं पकडायचं हेही ठरवता येतं. बाकीच्या वेळी पंजा काय करतो, तर उचलताना घट्ट धरतो आणि वर पोचता पोचता ढिला सोडतो. तुम्हाला जे "अगं थोडक्यात हुकलं गं" वाटतं ना, ते तसं वाटावं अशीच ती पकड लावलेली असते. सगळ्याच मशीन अशा लावलेल्या असतात असं नाही, पण बाहेरून बघून कुठली कशी ते ओळखता येत नाही.

तरी खेळायचंच असेल तर आधी पाच-दहा मिनिटं बाजूला उभ्या राहून दुसरे खेळताना बघा. पंजा टेडी वर उचलून धरतोय की वर जातानाच सोडतोय हे लगेच कळतं, सोडत असेल तर त्या मशीनला नमस्कार. खेळणी एकमेकांत गच्च दाबून बसवलेली असतील तरी नमस्कार. सुटं पडलेलं, खाली पडायच्या भोकाच्या कडेला टेकलेलं, असं एखादं खेळणं शोधा, ते उचलायचीही गरज नसते, नुसतं ढकललं गेलं तरी पडतं. समोरून बघून पंजा बरोबर वर आलाय असं वाटतं, पण बाजूच्या काचेतून बघितलं की तो हातभर पुढे असतो, म्हणून एकीनं समोर आणि एकीनं बाजूला उभं राहायचं. चौघी आहात, हा तुमचा फायदा.

आणि ती जी मशीन असते ना, काचेच्या आत महागडा मोबाईल किंवा हेडफोन लटकवलेला आणि तुम्ही किल्ली बरोबर भोकात घालायची किंवा सरकणारा ठोकळा बरोबर जागेवर थांबवायचा, तिच्यापासून लांबच राहा. दिसायला ती कौशल्याची वाटते, पण अशा बऱ्याच मशीनमध्येही बक्षीस किती वेळानं सुटू द्यायचं हे सेट करता येतं. बाकी टेडीच हवा असेल तर महाद्वार रोडला जाऊन भाव करून घ्या.

प्रश्न : माझं वय बेचाळीस. शाळेतून येताना गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एक-एक रुपया टाकून आम्ही "मुस्तफा" खेळायचो, घरी कळलं की मार. परवा मुलाला घेऊन मोठ्या उत्साहानं मॉलमध्ये गेलो तर तसलं काहीच नाही, सगळं लाईट मारणारं आणि तिकीट देणारं. तो गेम आता कुठे मिळेल? आणि हे सगळं गेलं कुठे? (नाशिक)

उत्तर : मित्रा, तुझ्यासारखी पत्रं आणखी आली होती, नगरहून आणि सोलापूरहून, आणि सगळ्यांना मुस्तफाच हवाय. तर आधी त्याचं खरं नाव, कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला. त्यात चार जण होते, जॅक, हॅना, मुस्तफा आणि तो जाडजूड मेस, पण पिवळी टोपीवाला मुस्तफा सगळ्यात चपळ, पळत येऊन त्याची लाथ बसली की तिघं एकदम आडवे, त्यामुळे आपल्याकडे अख्ख्या गेमचं नावच ते पडलं. तिघं एकावेळी खेळू शकायचे आणि मुस्तफा कोण घेणार यावर दुकानाबाहेर मारामाऱ्या व्हायच्या. तिसऱ्या स्टेजला गाडी मिळायची, आठवतंय का, वाळवंटातून सगळ्यांना उडवत जायचं. गल्लीबोळात गेमचे जे सर्किट बोर्ड फिरत होते त्यातले मूळ किती आणि कॉपी किती याची चौकशी त्या काळी कुणी केली नाही.

आता गेलं कुठे, तर साधा धंद्याचा हिशोब आहे. ज्याला मुस्तफा येत होता तो एका रुपयात आठही स्टेज पार करायचा, पाऊण तास जागा अडवून बसायचा आणि मागे पंधरा पोरं फुकट बघत उभी. मालकाचा चेहरा आठव. म्हणून तर काही मालक सेटिंगमध्ये जाऊन लाईफ तीनाच्या दोन करायचे, नाहीतर "लाईट जाणार आहे रे" म्हणून मेन स्विचकडे बघायचे. मॉलमध्ये चौरस फुटाचं भाडं असतं, तिथे एका कॉईनवर पाऊण तास उभं राहणारं गिऱ्हाईक कुणालाच परवडत नाही, तिथे मिनिटात संपणारं मशीन लागतं. शिवाय घरोघरी आधी टीव्हीला लावायचे कॅसेटवाले गेम आले, मग प्लेस्टेशनवर तासाच्या भाड्यानं खेळायची दुकानं निघाली, सायबर कॅफेत काउंटर स्ट्राईक आलं, आणि शेवटी मोबाईल. त्या जुन्या कॅबिनेटमधली (म्हणजे गेमच्या उभ्या पेटीतली) पिक्चर ट्यूब बिघडली तर दुसरी आणायची कुठून हाही प्रश्न. मॉलमध्ये अजून जे टिकलंय ते घरी करता न येणारं, म्हणजे हलणारी सीट, पायाखालचं पेडल, हातात धरायची बंदूक. टाईम क्रायसिस नावाचा शूटिंग गेम नव्वदच्या दशकातला, त्यात पेडलवरचा पाय काढला की आपला माणूस आडोशाला लपतो, आणि मोबाईलवर हे कितीही केलं तरी तसं होत नाही.

मुस्तफा मिळायचा मार्ग अवघड आहे. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात फायनल फाईट आहे, कॅप्टन कमांडो आहे, पण हा नाही, कारण यातली पात्रं मुळात एका अमेरिकन कॉमिकमधली, त्यांचे हक्क वेगळ्याकडे. म्हणजे रीतसर विकत घ्यायला गेलास तर सहज हाती लागत नाही. लहान गावांत, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, एखादं दुकान अजून तग धरून असतं, जत्रेतही कधीमधी जुनं कॅबिनेट दिसतं, आणि हल्ली शेकडो गेम भरलेला एकच बोर्ड बसवलेली नवी कॅबिनेट काही कॅफेत ठेवतात, तिथे विचारून बघ. तिथे स्ट्रीट फायटर टू तर हमखास असतो, १९९१ चा, सहा बटणांचा.

एक मात्र सांगून ठेवतो. मुलाला घेऊन गेलास तर पहिल्या दहा मिनिटांत त्याचा विरस होण्याची शक्यता आहे. त्याचा अंगठा काचेवर चालतो, लाकडी फळीवरची दांडी आणि बटणं त्याच्या हाताला अनोळखी आहेत, आणि मेल्यावर पुन्हा पैसे टाकावे लागतात ही गोष्ट त्याला अन्यायाची वाटेल. त्याला मुस्तफा दे, तू मेस घे.

प्रश्न : नातवंडं सुट्टीला येणार आहेत, मला त्यांना घेऊन जायचं आहे पण नुसतं बाकावर पिशव्या सांभाळत बसायचं नाही. वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कानाला मशीन आहे. मला जमेल असं काही असतं का? (सातारा)

उत्तर : काका, हा प्रश्न फार आवडला. असतं की, भरपूर असतं. कॅरमचा हात असेल तर एअर हॉकी तुमचीच. टेबलाच्या बारीक भोकांतून हवा येते, त्यावर चकती तरंगते, तिला हातात धरायच्या दट्ट्यानं समोरच्याच्या गोलात मारायची. पोरं जोरात मारतात आणि स्वतःच्याच गोलात घालून घेतात, तुम्ही कडेवर आपटून कोनातून मारा. उभं राहून खेळायचं आहे पण पळायचं नाही, गुडघ्याला त्रास नाही. फक्त रिकामा हात टेबलाच्या कडेवर ठेवू नका, चकती उडून बोटांवर बसते आणि कळ डोक्यात जाते. बास्केटबॉलही जमेल, बॉल आपोआप घरंगळत पुढ्यात येतात, वाकावं लागत नाही.

रेसिंगच्या मशीनची सीट बहुतेक खाली असते, बसणं सोपं आणि उठणं अवघड, त्यात काही सीट गाडीबरोबर हिसके देतात. गुडघा आणि पाठ दोन्ही बघता हलणारी सीट सोडा, स्थिर असेल तर सीट मागे सरकवून बसा, बाजूला दांडा असतो. व्हीआरचा चष्मा पहिल्यांदा लावल्यावर अनेकांना गरगरतं, तरण्याताठ्यांनाही, त्यामुळे घ्यायचाच तर बसून खेळायचा घ्या आणि जेवण झाल्या झाल्या नको. हृदयाचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर हलणाऱ्या राईडबाहेर पाटी असते ती वाचून मगच.

आवाजाचं काय करायचं, तर कानाचं मशीन थोडं कमी करून ठेवा. सगळ्या मशीन एकाच वेळी ओरडत असतात, मशीन लावलेल्या कानाला तो गोंगाट दुप्पट लागतो. पैशांची नाडी मात्र तुमच्याच हातात ठेवा, प्रत्येक नातवंडाला स्वतःचं वेगळं कार्ड आणि त्यात ठराविकच रक्कम. एकच कार्ड तिघांत दिलंत की कुणी किती खेळलं यावरून तिथेच कोर्ट भरतं आणि न्यायाधीश तुम्ही.

प्रश्न : राजकोटची बातमी वाचल्यापासून मुलींना अशा ठिकाणी पाठवायला जीव होत नाही. जागा सुरक्षित आहे की नाही हे आपल्यासारख्याला कसं कळणार? शिवाय धाकटीला लहानपणी फिट यायची, तिला न्यावं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ताई, भीती बरोबर आहे. २५ मे २०२४, शनिवार संध्याकाळ, राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. सुट्टीचे दिवस, वर ९९ रुपयांची तिकीट योजना म्हणून गर्दी, आत वेल्डिंगचं काम चालू, पत्र्याचं तात्पुरतं बांधकाम, आणि अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्रच नव्हतं. यातल्या एकेक गोष्टीकडे बघायला आपल्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

आत गेल्यावर पहिलं काम, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधा. हिरवी पाटी असते, पण पाटीवर विश्वास ठेवू नका, दरवाजापर्यंत चालत जा आणि तो उघडतो का, त्याच्यापुढे खोके, बंद पडलेली मशीन, जुन्या खुर्च्या रचलेल्या नाहीत ना ते बघा. दुसरा रस्ताच नसेल तर परत फिरा, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. आत कुठेही वेल्डिंग, कटिंग, रंगकाम चालू असेल तर त्या दिवशी नाहीच. पत्र्याच्या शेडमध्ये वरचा मजला आणि खाली उतरायला एकच अरुंद जिना, असं असेल तर नको. गो-कार्टिंग असेल तर पेट्रोल-डिझेलचे कॅन कुठे ठेवलेत तेही बघा. फायर एनओसी आहे का असं काउंटरवर विचारायला लाजू नका, दाखवतीलच असं नाही पण विचारल्यावर तोंडावर काय उमटतं ते पुरेसं सांगून जातं. मुली एकट्या जाणार असतील तर बाहेर भेटायची जागा ठरवून द्या, आत आवाजात फोन ऐकू येत नाही.

आता फिटचं. एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार) असलेल्या शंभरातल्या साधारण तीन जणांना चमकणाऱ्या उजेडामुळे झटका येऊ शकतो, बाकीच्यांना त्यानं काही होत नाही. सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणारा उजेड हा त्यातला धोक्याचा, आणि गेम झोनमध्ये तसा उजेड असतो. तुमची मुलगी कुठल्या गटात आहे हे तिच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करताना उजेडाची चाचणी बहुतेक झालेली असते, त्या कागदावर लिहिलेलं असतं. डॉक्टर हो म्हणाले तरी तिला पोटभर खाऊन आणि झोप पुरी करून न्या, स्क्रीनला नाक लावून उभी राहू देऊ नका, आणि एवढं शिकवून ठेवा की कसंसंच वाटलं तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. नुसते दोन्ही डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातोच.

प्रश्न : मला डान्स मशीनवर खेळायचंय पण तिथे एक ग्रुप कायम असतो, एकदम भारी खेळतात, मला चढायलाच लाज वाटते. आणि ते लोक एकामागून एक खेळतच राहतात, आपला नंबर कसा मागायचा? (अकरावी, पुणे)

उत्तर : अरे, ते लोकही कधीतरी पहिल्या दिवशी चुकीच्या बाणावर उड्या मारत होते. नियम साधा आहे, एकदा कार्ड टेकवलं की ठरलेली दोन-तीन गाणी मिळतात, ती संपली की खाली उतरायचं आणि मागे कुणी असेल तर त्याला द्यायचं. मागे कुणीच नसेल तर खुशाल परत खेळा. नाण्यांच्या काळात काचेच्या कडेवर आपलं नाणं ठेवून द्यायचे, म्हणजे पुढचा नंबर माझा, आणि जगभर हे चालायचं. आता ठेवायला नाणं नाही, मग तोंडानं बोलावं लागतं. दोन गाण्यांच्या मध्ये "दादा, तुमच्यानंतर मी" एवढंच म्हण. गाणं चालू असताना मात्र नको, आणि त्यांच्या प्लॅटफॉर्मवर मागून पाय ठेवून बोलावणं तर अजिबात नको.

खेळायला बूट घाल, चप्पल निसटते आणि अनवाणी टाच दुखते. आधी मशीन बघून घे, डान्स डान्स रिव्होल्यूशन हे १९९८ चं जपानी मशीन, त्यात चार बाण, पुढे-मागे-डावीकडे-उजवीकडे. पंप इट अप हे त्याच्या पुढच्या वर्षी आलेलं कोरियन, त्यात पाच, चार कोपऱ्यांत आणि एक मधोमध. एकावर शिकलेला पाय दुसऱ्यावर गोंधळतो. मागच्या दांड्याला धरलं तर चालतं, कमीपणा नाही, भारी खेळणारे तर हमखास धरतात. सुरुवातीला सगळ्यात सोपी लेव्हल लाव, आणि दर पावलानंतर मध्यभागी परत येऊ नकोस, नवे सगळे तिथेच दमतात, जिथे पाय पडलाय तिथूनच पुढचं पाऊल टाक. आणि हो, त्या ग्रुपमधल्या कुणालाही विचार कसं शिकू म्हणून, असे लोक शिकवायला टपलेले असतात, मग तुला घरी जाऊ देत नाहीत.

प्रश्न : मी टोकियोत नोकरीला आहे, आई-बाबा पुण्याहून येतायत. बाबा आयुष्यभर गणपतीत ढोल वाजवत आलेत. त्यांना इथल्या गेम सेंटरला नेलं तर आवडेल का? (टोकियो)

उत्तर : बाबांना नेऊन थेट ताइकोच्या, म्हणजे जपानी ढोलाच्या, मशीनपुढे उभं करा. समोर खऱ्याखुऱ्या ढोलासारखा मोठा ढोल असतो, हातात दोन टिपऱ्या, स्क्रीनवर लाल गोल आला की चामड्यावर आणि निळा आला की कडेवर मारायचं. गेमचं नाव ताइको नो तात्सुजिन, २००१ पासून आहे. भाषा यायची गरजच नाही. फक्त आधी सांगून ठेवा की पथकासारखं सगळ्या ताकदीनं हाणायचं नसतं, मशीन हळू मारलेलंही पकडतं.

बाकी तुम्हाला माहीत असेलच, तिथे अजून १०० येनच्या नाण्याचं राज्य आहे, नोट मोडायचं मशीन आतच असतं. टोकियोतल्या अकिहाबारा भागात सेगा या गेम कंपनीच्या पाट्या शोधू नका, २०२२ मध्ये त्या जाऊन गिगो नाव आलं. टाइटो कंपनीच्या दुकानांवर तो छोटा परग्रहवासी दिसेल, तो १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेमचा, बाबांच्या पिढीच्या कुणीतरी कधीतरी पाहिलेला असू शकतो. तळमजल्यावर पंजाच्या मशीनच मशीन, आणि वरच्या कोल्हापूरच्या मैत्रिणींनी हे वाचू नये, पण तिथे दोन-चारदा हरल्यावर स्टाफला हाक मारली तर ते काच उघडून खेळणं जरा सोयीच्या जागी ठेवून देतात. नुसतं विचारायचं, संकोच नको.

आईंना पुरिकुराच्या बूथमध्ये न्या, फोटो काढून त्यावर चित्रं काढायचं आणि स्टिकर छापून घ्यायचं मशीन. ते डोळे आपोआप मोठे आणि चेहरा गोरा करतं, आई म्हणतील ही कोण बाई, तरी पुण्याला नेऊन फ्रिजवर चिकटवतील. काही ठिकाणी पुरुषांना एकट्यानं त्या मजल्यावर जाऊ देत नाहीत, तशी पाटी असते, सोबत बाई असली की चालतं. शनिवार-रविवार टाळा, आणि ताइकोच्या मागे रांग असेल तर बाबांना एका खेळानंतर खाली उतरवायची जबाबदारी तुमची.